तरंगतं मचाण: अलास्काच्या क्रूझवर काय, कुठून आणि कसं बघावं

सकाळी दहाच्या सुमाराला आमचं जहाज मार्जरी हिमनदीसमोर येऊन थांबलं. इंजिनाची घरघर जवळजवळ बंद झाली आणि डेकवरच्या माणसांचे आवाजही आपोआप खाली आले. समोर निळसर पांढरी भिंत, पाण्यापासून सुमारे २५० फूट उंच. आई कानटोपी ओढून, चहाचा कप दोन्ही हातांत धरून कठड्याला टेकली होती. वीस मिनिटं काहीच घडलं नाही. मधूनच भिंतीच्या पोटात सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज यायचा, एवढंच. थंडीने बरेच जण आत गेले. मग डाव्या अंगाला थोडा बर्फ भुरभुरला, वाळूची पाटी उपडी करावी तसा, आणि पाठोपाठ चार मजली इमारतीएवढा सुळका उभाच्या उभा खाली सरकला. आवाज नाही. पाणी उसळून वर आलं आणि मग, सेकंदाभराने, गडगडाट छातीवर आदळला. इथले मूळ रहिवासी, त्लिंगित लोक, या आवाजाला ‘पांढरा गडगडाट’ म्हणतात. आईच्या कपातला चहा केव्हाच गार झाला होता. ती म्हणाली, “अजून थांबू या.”

मी ही सफर दोनदा केली. एकदा मे महिन्यात सिएटलहून, आणि एकदा आई-बाबा आमच्याकडे उन्हाळ्यात राहायला आले तेव्हा ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरहून. दोन्ही वेळा एकच गोष्ट पटली. अलास्कात जहाज हे मचाण आहे. मचाणावर बसलेल्या माणसाने वाट बघायची असते, आणि कुठे बघायचं ते आधी शिकून यायचं असतं. ते शिकलात तर साध्या केबिनमध्ये राहूनही भरपूर दिसतं. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलं आहे, ज्या क्रमाने तुम्हाला ते लागेल त्याच क्रमाने.

आधी मार्ग, मग जहाज

सात रात्रींच्या सफरींचे ढोबळ दोन प्रकार. पहिला जाऊन-येऊन: सिएटल किंवा व्हँकुव्हरहून निघायचं, आग्नेय अलास्कातली तीन-चार बंदरं आणि एक हिमनदी बघून तिथेच परतायचं. दुसरा एकमार्गी: व्हँकुव्हरहून निघून वर सीवर्ड किंवा व्हिटियरला उतरायचं, किंवा त्याच्या उलट. एकमार्गी सफरीत वेगळ्या ठिकाणाहून विमान धरावं लागतं, पण दृश्यं जास्त मिळतात आणि पुढे डेनाली राष्ट्रीय उद्यानाकडे जाता येतं. पहिल्यांदाच जाणार असाल आणि घरात वयस्कर माणसं असतील तर जाऊन-येऊन सोयीचं.

व्हँकुव्हरहून सुटणारी जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या शांत खाडीतून जातात. दोन्ही काठांना डोंगर, देवदार-स्प्रूसची दाट झाडी. सिएटलची जहाजं बऱ्याचदा बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून जातात, आणि तिथे पहिल्याच रात्री जहाज डुलतं. गाडी लागणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवून तिकीट काढावं.

जाहिरातीतल्या बंदरांच्या यादीपेक्षा मी दोन गोष्टी आधी बघते. पहिली, हिमनदी कोणती. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश असतो, त्यामुळे प्रत्येक सफर तिथे जात नाही. ते नसेल तर हबर्ड हिमनदी किंवा एंडिकॉट आर्म ही अरुंद खाडी. जुन्या लेखांतून शेजारच्या ट्रेसी आर्म खाडीची खूप स्तुती आढळेल, पण ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे प्रचंड दरड कोसळून पाण्याची मोठी लाट उठली. तेव्हा सध्याचा कार्यक्रम कंपनीकडून नक्की करून घ्या. दुसरी गोष्ट, प्रत्येक बंदरात किती तास. जुनोला दहा तास थांबणारं जहाज आणि पाच तासांत निघणारं जहाज यांच्या किमतीत थोडाच फरक असतो, अनुभवात मात्र मोठा.

महिना कोणता

हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मे महिन्यात गर्दी आणि दर कमी, पाऊसही तुलनेने कमी, आणि शिखरं बर्फाने भरलेली. बर्फ वितळू लागला की डोंगरांवरून धबधबे लोंबू लागतात. जून-जुलैमध्ये उजेड रात्री दहापर्यंत पुरतो. जेवून पुन्हा डेकवर जाता येतं, आणि ते फार मोलाचं आहे. देवमासे जून ते ऑगस्टमध्ये भरपूर. सामन मासे ओढ्यांतून वर चढू लागतात ते साधारण जुलैपासून, आणि सामन आले की अस्वलं आली. म्हणून अस्वलं बघायची असतील तर जुलैचा शेवट ते ऑगस्ट. सप्टेंबरमध्ये पाऊस वाढतो, पण रात्री काळोख होतो, आणि आकाश उघडलं तर उत्तरेचा हिरवा प्रकाश दिसण्याची शक्यता असते.

मला विचाराल तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा. मे महिन्यात डोंगर जास्त देखणे होते, पण ऑगस्टमध्ये पाणी आणि किनारे जिवंत होते.

व्हिसा: इथे चूक झाली तर सफर बंदरावरच संपते

भारतीय पासपोर्ट असलेल्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. कॅनडाचा विसरला जातो. अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी नोंदणीचं जहाज फक्त अमेरिकन बंदरांतून फिरून परत येऊ शकत नाही, मध्ये परदेशी बंदर लागतंच. आणि जवळपास सगळी मोठी क्रूझ जहाजं परदेशी नोंदणीची आहेत. म्हणून सिएटलहून सिएटलला जाणारं जहाजही बहुधा एका संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. “आम्ही तिथे उतरणारच नाही” हे कारण चढताना चालत नाही. आई-वडिलांना भारतातून बोलावणार असाल तर दोन्ही व्हिसा हातात आल्यावरच पैसे परत न मिळणारं तिकीट काढा, आणि अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना ते बघा. ग्रीन कार्ड असलेल्यांना कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण कार्ड आणि चालू पासपोर्ट दोन्ही सोबत हवेत.

निघण्याच्या बंदरावर आदल्या दिवशी पोचा. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. व्हँकुव्हरहून निघताना अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी जहाजात चढण्याआधी तिथेच होते आणि रांगेत वेळ जातो. वयस्कर माणसांसाठी व्हीलचेअर आधी सांगून ठेवावी.

केबिन आणि बॅग

बाल्कनीची खोली सुखाची असते, पण तिथून एकच बाजू दिसते. बजेट ताणायचं नसेल तर आतली, बिनखिडकीची खोली घ्या आणि वाचलेले पैसे देवमाशांच्या बोटीवर आणि जमलं तर पाण्यावर उतरणाऱ्या विमानावर खर्च करा. खोलीत तुम्ही झोपण्यापुरतेच असाल. जहाज लागण्याचा त्रास असेल तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली. एकमार्गी सफरीत उत्तरेकडे जाताना बाल्कनी घ्यायचीच तर उजव्या अंगाची, कारण पुढे किनारा त्या बाजूला राहतो.

बॅगेत सगळ्यात महत्त्वाची वस्तू दुर्बीण. घरातली मुलांची खेळण्यातली नव्हे, आणि फार ताकदीचीही नव्हे. आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची चांगली. बारा पटीची घेतली तर हलत्या जहाजावर चित्र थरथरत राहतं. आणि माणशी एक. दोघांत एक दुर्बीण असली की “कुठे? कुठे?” म्हणेपर्यंत शेपटी पाण्याखाली गेलेली असते.

कपड्यांचं सूत्र एकावर एक थर: आत अंगालगतचा थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर पाणी आत न येऊ देणारं जॅकेट. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणाऱ्यांकडे यातलं बरंच असतं, पण एक फरक सांगते. सह्याद्रीतला पाऊस अंगावर झेलता येतो; इथला पाऊस दहा-बारा अंशांतला आहे आणि त्याला वारा जोडलेला असतो. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत. जीन्स शहरात फिरायला ठीक, बोटीवर नको. कानटोपी, हातमोजे, लोकरीचे दोन जोड मोजे. हिमनदीसमोर ऑगस्टमध्येही दात वाजतात. छत्री बोटीवर आणि डेकवर निरुपयोगी. साडी नेसणाऱ्या आईने त्या आठवड्यापुरती पँट घातली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली की हे आधीच करायला हवं होतं.

नजर कशी तयार करायची

हे सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. शेजारचा माणूस “तो बघा” म्हणतो आणि आपल्याला नुसतं पाणी दिसतं.

पहिलं, जागा. जहाज ज्या दिशेने जातं त्या बाजूचा उघडा डेक शोधा. अनेक जहाजांवर पुढच्या टोकाचा डेक हिमनदीच्या दिवशी उघडतात. पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांना विचारून जिना बघून ठेवा. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी जेवणानंतर या दोन वेळा सोडू नका.

दुसरं, दुर्बीण आधी डोळ्याला लावू नका. उघड्या डोळ्यांनी पाण्यावरून नजर सावकाश फिरवायची, शेतावर राखण करणारा माणूस फिरवतो तशी. ‘काहीतरी वेगळं’ शोधायचं: फवारा, काळा ठिपका, पक्ष्यांचा थवा. ते सापडलं की डोळे तिथेच ठेवून दुर्बीण मध्ये आणायची. खाली बघून दुर्बीण उचलली की जागा हरवलीच.

हंपबॅक देवमाशाचा फवारा पाण्यावर तीन-चार मीटर उभा राहतो, आणि मागे काळं झाड असेल तर धुरासारखा काही क्षण टिकतो. एक फवारा दिसला की तिथेच बघत राहा, तो पुन्हा पुन्हा वर येईल. मग पाठीची कमान नेहमीपेक्षा उंच झाली की समजायचं, आता शेपटी वर येणार. त्यानंतर तो खोल जातो आणि पाच-दहा मिनिटं दिसत नाही. लोक कंटाळून पांगतात ते याच वेळी. घड्याळ लावून थांबा. शेपटीच्या खालच्या बाजूची पांढरी-काळी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, बोटांच्या ठशासारखी, आणि संशोधक त्यावरूनच त्यांना ओळखतात. हे देवमासे हिवाळा हवाईच्या कोमट पाण्यात घालवतात, तिथे जवळजवळ काही खात नाहीत, आणि खाण्यासाठी एवढं अंतर पोहून इथे येतात.

ऑर्का, म्हणजे काळा-पांढरा शिकारी देवमासा, ओळखायची खूण म्हणजे पाठीवरचा उभा पंख. मोठ्या नराचा सहा फुटांपर्यंत, सरळ. छोटे काळे-पांढरे प्राणी पाण्याचा तुरा उडवत जहाजाजवळून भरधाव गेले तर ती ऑर्काची पिल्लं नव्हेत, डॉल पॉरपॉइज नावाचे डॉल्फिनसारखे प्राणी आहेत. पाठीवर उताणं पडून तरंगणारं, पोटावर काहीतरी फोडून खाणारं दिसलं तर समुद्री पाणमांजर. त्याच्या दाट फरसाठी शिकार इतकी झाली की आग्नेय अलास्कातून ते नाहीसंच झालं होतं; १९६० च्या दशकात साधारण चारशे पाणमांजरं दुसरीकडून आणून इथे सोडली आणि आता ती पुन्हा सर्वत्र पसरली आहेत. मला देवमाशाइतकाच आनंद त्यांना बघून होतो.

झाडांकडे बघताना हिरव्या शेंड्यांवर कापसाचं उमललेलं बोंड शोधा. ते बोंड म्हणजे बाल्ड ईगल या गरुडाचं पांढरं डोकं. चार-पाच वर्षांचा होईपर्यंत त्याचं डोकं तपकिरीच असतं, म्हणून पिल्लं ओळखू येत नाहीत. खडकाळ कड्यांवर हलणारे पांढरे ठिपके असले तर डोंगरी बकऱ्या. न हलणारे ठिपके बर्फाचे. ओहोटीच्या वेळी किनाऱ्याच्या गवतात तपकिरी ढेकळासारखं काही सरकलं तर ते अस्वल असू शकतं.

हिमनदीचा दिवस

या दिवशी स्पा, खरेदी, लांबलचक नाश्ता काही ठरवू नका. ग्लेशियर बेमध्ये सकाळी लवकर एका छोट्या बोटीतून उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. त्यांना प्रश्न विचारा, त्यांना ते आवडतं. आत शिरताना साउथ मार्बल बेटावर समुद्रसिंहांचा आवाज आणि वास दोन्ही येतात, आणि पाण्यावर रंगीत चोचीचे पफिन दिसतात.

बघण्याआधी एवढं माहीत असू द्या. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथे आली तेव्हा खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडापर्यंत बर्फ होता. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तेव्हा बर्फ चाळीसएक मैल मागे गेला होता. १९१६ पर्यंत ६५ मैल. म्हणजे तुम्ही सकाळभर ज्या पाण्यावरून जाता, ते सव्वादोनशे वर्षांपूर्वी पाणी नव्हतं. किनारेही ते सांगतात: तोंडाजवळ दाट जुनी झाडी, जसजसं आत जाल तसतशी झाडं कोवळी, मग नुसती झुडपं, मग शेवाळ, आणि हिमनदीपाशी उघडा खडक. दोन शतकांत जंगल कसं उभं राहतं ते पाच तासांत उलट्या क्रमाने डोळ्यांसमोरून जातं. त्याही आधी इथे हूना त्लिंगित लोकांची घरं होती, आणि वाढत्या हिमनदीने त्यांना तिथून निघावं लागलं.

मार्जरीसमोर जहाज तासभर थांबतं आणि स्वतःभोवती वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंना दिसावं. तेव्हा जागेसाठी धक्काबुक्की करू नका. भिंतीवर जिथे नुकतेच बारीक तुकडे पडले तिथेच नजर ठेवा. मोठा कडा बहुधा तिथूनच सुटतो. आवाज ऐकून मान वळवली तर उशीर झालेला असतो, कारण उजेड आधी पोचतो, आवाज नंतर. बर्फ निळा का, हे मुलं विचारतीलच: शेकडो वर्षांच्या दाबाने आतली हवा निघून बर्फ घट्ट होतो, असा बर्फ प्रकाशातला लाल भाग शोषतो आणि निळा आपल्याकडे येतो. ढगाळ दिवशी हा निळा जास्त खुलतो, म्हणून ढग आले तर मन खट्टू करू नका.

फोटोबद्दल एकच. पहिली दहा मिनिटं काढा, मग फोन खिशात. व्हिडिओ चालू ठेवून पडद्याकडे बघत राहिलेल्यांना तो सुळका पडद्यावरच दिसला.

हबर्डचं रूप वेगळं आहे. ही हिमनदी सुमारे ७६ मैल लांब, समोरची भिंत सहा मैल रुंद, आणि बहुतेक हिमनद्या मागे सरकत असताना ही पुढे सरकते आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने रसेल फ्योर्डचं (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधली अरुंद, खोल खाडी) तोंडच बंद करून त्याचं तळं केलं होतं. पाण्यात बर्फ फार असेल तर कप्तान जहाज लांबच ठेवतो. त्याला इलाज नाही.

बंदरावर: दोन ठिकाणी खर्च करा, बाकी पायी

प्रत्येक बंदरात महागडी सहल घेण्याची गरज नाही. माझा सल्ला असा की दोनच मोठे खर्च ठरवा आणि बाकीच्या ठिकाणी चाला. जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. बाहेरच्या माणसाकडून घेतलेली उशिरा आली तर थांबत नाही. बाहेरच्या सहली स्वस्त असतात आणि गट लहान असतो, म्हणून मीही घेते, पण परतीला किमान दीड तास हाताशी ठेवून. एकदा एका खाजगी गाडीवाल्याने परतीला इतका वेळ लावला की आम्ही शेवटच्या वेळेच्या वीस मिनिटं आधी, बाबांचा हात धरून अक्षरशः धावत पोचलो. आणि घड्याळ जहाजाचं पाळा. अलास्काची वेळ सिएटलपेक्षा एक तास मागे आहे. फोन एक सांगतो, जहाज दुसरं.

जुनो अलास्काची राजधानी आहे, पण तिला राज्याच्या बाकीच्या भागाशी जोडणारा रस्ता नाही; विमानाने किंवा पाण्यावरूनच यायचं. माझा पहिला मोठा खर्च इथेच, देवमाशांच्या बोटीवर. बस ऑक बे नावाच्या धक्क्यावर नेते, तिथून लहान बोट. पंचवीस-तीस माणसांची बोट मिळाली तर उत्तम, खिडकीसाठी वाट बघावी लागत नाही. कायद्याने हंपबॅकपासून १०० यार्ड लांब राहावं लागतं, पण इंजिन बंद करून थांबलं की देवमासा स्वतःच कधीकधी जवळून जातो. नशीब चांगलं असेल तर बुडबुड्यांचं जाळं दिसतं: काही देवमासे मिळून हेरिंग माशांच्या थव्याभोवती गोल फिरत बुडबुडे सोडतात, मासे मध्ये कोंडले जातात आणि सगळे जबडे उघडून एकदम वर येतात. आधी पाण्यावर बुडबुड्यांचं वर्तुळ उमटतं आणि सीगल ओरडत त्यावर जमतात. सीगल जमले की तिकडेच बघा.

उरलेल्या वेळात मेंडेनहॉल हिमनदी, गावापासून बारा-तेरा मैलांवर. तिथून नगेट धबधब्यापर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे, जाऊन-येऊन दोन मैल. बाबा सत्तरीचे, काठी घेऊन आरामात चालले. पावणेचारशे फुटांचा तो धबधबा थेट हिमनदीच्या तळ्याकाठी पडतो, आणि जवळ गेलं की तुषारांनी चष्मा धुतला जातो. स्टीप क्रीकच्या लाकडी पुलावरून हंगामात सामन आणि काळी अस्वलं दिसतात. खाऊ हातात घेऊन तिथे जाऊ नका. अस्वलांचाच ध्यास असेल तर जुनोहून विमानाने ॲडमिरल्टी बेटावर जाता येतं, जिथे माणसांपेक्षा तपकिरी अस्वलं जास्त आहेत. त्यासाठी परवाना लागतो आणि जागा मोजक्या, तेव्हा महिनोन्‌महिने आधी ठरवा.

स्कॅगवे हे हजार-बाराशे वस्तीचं गाव. १८९६ मध्ये कॅनडातल्या क्लॉन्डाइकला सोनं सापडलं आणि पुढच्या दोन वर्षांत हजारो माणसं इथे उतरली. कॅनडाचे पोलीस वर्षभराची, म्हणजे जवळपास टनभर शिधासामग्री असल्याशिवाय खिंडीतून आत सोडत नसत, आणि ती वर नेताना सुमारे तीन हजार घोडे मेले. त्याच व्हाइट पास खिंडीतून १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली तीन फुटी रुळांची गाडी आजही जाते. माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर रुंद. वीस मैलांत ती २,८६५ फुटांवर चढते. चढताना डावीकडे बसा, दरी त्या बाजूला आहे. माथ्यावर जागा बदलायला सांगतात, म्हणजे उतरताना दुसऱ्यांना ती बाजू मिळते. डब्यांच्या मधल्या उघड्या फळीवर उभं राहता येतं. वळणावर पुढचं इंजिन आणि लाकडी पूल तिथूनच दिसतो. गाडीऐवजी बसने कॅनडाच्या युकॉन भागात जाणार असाल तर पासपोर्ट आणि कॅनडाचा व्हिसा खिशात हवा. पैसे वाचवायचे असतील तर लोअर ड्यूई तळ्याची वाट गावातूनच सुरू होते. चढ आहे, पण लहान.

केचिकनला वर्षाला साधारण १५० इंच पाऊस पडतो. आपल्याकडे तो चार महिन्यांत उरकतो, इथे बारा महिने वाटून घेतात. पाऊस असेल तरी गावात फिरा. क्रीक स्ट्रीटच्या लाकडी पुलांखालून ओढा वाहतो आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये त्यात सामनांची दाटी होते. वर माशांसाठी पायऱ्या बांधल्या आहेत, पण अनेक सामन त्या सोडून सरळ धबधब्यावर उड्या मारतात, आपटतात, पुन्हा मारतात. आई तिथे अर्धा तास उभी होती. पाच जातींचे सामन लक्षात ठेवायला एका दुकानदाराने हातच पुढे केला: अंगठा म्हणजे थम, म्हणून चम, तर्जनी डोळ्याकडे, म्हणून सॉकआय, मधलं बोट सगळ्यांत लांब, म्हणून किंग, अनामिकेत चांदीची अंगठी, म्हणून सिल्व्हर, करंगळी म्हणजे पिंकी, म्हणून पिंक.

गावाच्या दक्षिणेला सॅक्समन आणि उत्तरेला टोटेम बाइट इथे देवदाराचे कोरीव स्तंभ, म्हणजे टोटेम, आहेत. ते पूजेच्या मूर्ती नाहीत. कुळाचा इतिहास, एखाद्या माणसाचं स्मरण, कधी न फेडलेलं कर्ज सांगतात. वीरगळ आपण खालून वर वाचतो. टोटेमला तसा एकच नियम नाही, ती गोष्ट ज्या कुळाची आहे त्यानेच सांगायची. म्हणून सॅक्समनला तिथल्याच वाटाड्याबरोबर फिरा.

दुसरा मोठा खर्च करायचाच तर केचिकनहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने मिस्टी फ्योर्ड्स. तीन हजार फुटी ग्रॅनाइटच्या भिंतींमध्ये ते एखाद्या तळ्यावर उतरतं, वैमानिक इंजिन बंद करतो, तुम्ही तरंडावर पाय ठेवून उभे राहता आणि पाण्याचे थेंब पडण्याचा आवाज ऐकू येतो. धुकं असेल तर उड्डाण रद्द होतं. रद्द झालं तर वाद घालू नका; तो निर्णय तुमच्या जिवासाठी असतो.

तुमच्या सफरीत सिटका असेल तर भाग्य समजा. १८६७ मध्ये रशियाने ७२ लाख डॉलरला विकलेला अलास्का अमेरिकेच्या ताब्यात दिला गेला तो इथे, आणि गावाच्या मधोमध अजून रशियन चर्च उभं आहे. किनाऱ्यालगतची टोटेमची वाट शांत आणि फुकट. हूनाजवळच्या आइसी स्ट्रेट पॉइंटला तर किनाऱ्यावरच्या बाकावर बसूनही फवारे दिसतात.

खाणं, फोन आणि जहाज लागणं

शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर तिकीट काढतानाच कळवा आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला भेटा. तो बहुधा दुसऱ्या दिवसाचं आदल्या रात्री विचारून ठेवतो. चिवडा, लाडू, थेपले, मेतकूट खोलीत ठेवा. संध्याकाळी थंडीतून आल्यावर त्याची किंमत कळते. विजेची किटली मात्र नेऊ नका, काढून घेतात. फळं आणि मांस जहाजावरून खाली नेऊ नका.

फोन जहाजावर सतत विमान-स्थितीत ठेवा, नाहीतर समुद्रावरच्या नेटवर्कचं बिल भरमसाट येतं. बंदरात साधं नेटवर्क मिळतं. जहाज लागण्याची गोळी पाणी खवळण्याआधी घ्यायची असते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून.

शेवटचा दिवस आवरण्यात घालवू नका

परतीच्या दिवशी सगळे बॅगा भरण्यात असतात आणि डेक रिकामा. व्हँकुव्हरकडे परतणारं जहाज जॉनस्टोन सामुद्रधुनीतून जातं. तिथे रॉब्सन बाइटच्या किनाऱ्यावरच्या गोट्यांवर ऑर्का अंग घासायला येतात. ती जागा त्यांच्यासाठी राखीव आहे. पुढे सेमूर नॅरोज ही अरुंद खिंड. तिच्या मधोमध जहाजं फोडणारा एक बुडालेला खडक होता, तो ५ एप्रिल १९५८ रोजी आतून सुरुंग लावून उडवला. अजूनही भरती-ओहोटीचा जोर इतका की मोठी जहाजं पाणी स्थिरावण्याची वेळ साधूनच तिथून जातात. ती वेळ विचारून ठेवा, रात्रीची असली तरी. आम्ही कानटोप्या घालून साडेनऊला वर गेलो. दोन्ही काठ हाताला लागतील इतके जवळ वाटत होते, पाण्यावर भोवरे फिरत होते, आणि डाव्या बाजूला, कोणी न सांगता, आईला फवारा दिसला.